धुराच्या दिवसांतलं फेर्रारा

गेल्या मंगळवारी दुपारी पोळ्या करत होते आणि तव्यावरची पोळी एकाएकी केशरी दिसायला लागली. आधी वाटलं, कणकेत चुकून हळद पडली. मग माझे हात पाहिले, तेही केशरी. ओटा, नळ, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी, सगळ्यावर तोच रंग चढलेला. बाहेर सूर्य टांगलेला होता आणि त्याच्याकडे डोळे न मिचकावता बघता येत होतं. धूर आला होता.

इकडे सातासमुद्रापलीकडे, आमच्या बॉथेल गावी ऋतू सांगायला चारच. पण उन्हाळा आणि पानगळ यांच्या फटीतून अलीकडे एक पाचवा आत शिरला आहे. तो दरवर्षी येईलच असं नाही. आला तरी त्याच्या नावानं सण नाही, त्याची अशी भाजी नाही, फळ नाही. डोंगरापलीकडे कुठेतरी जंगल पेटलेलं असतं, वारा दिशा बदलतो आणि आम्ही कधी न पाहिलेल्या झाडांची राख आमच्या गाड्यांच्या काचांवर येऊन बसते. फोनवर हवा किती खराब ते दाखवणारं वर्तुळ हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल आणि शेवटी जांभळं होतं. मग घरोघरी खिडक्या बंद. शाळेत मधली सुट्टी वर्गातच. माझा नवरा समीर गॅरेजमधून मोठा चौकोनी पंखा काढतो, धूर गाळायला त्याच्या पाठीला हीटरचा फिल्टर चिकटपट्टीनं लावतो आणि तो पंखा हॉलच्या मधोमध दिवसभर घरघरत राहतो. रस्त्यावरचा बाकी सगळा आवाज, लॉन कापणारी यंत्रं, कुत्री, सायकलवरची मुलं, कुणीतरी झाकण लावल्यासारखा बंद होतो.

ती घरघर सुरू झाली की मला आई आठवते. आणि आईच्या मागोमाग फेर्रारा.

फेर्रारा हे उत्तर इटलीतलं एक गाव. इटलीला जाऊन आलेल्या आमच्या ओळखीच्या माणसांपैकी कुणीच ते पाहिलेलं नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो, आणि घरी. गाडी फेर्राराला थांबते तेव्हा ही माणसं बहुधा झोपलेली असतात.

त्या वर्षी आई जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. बाबांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. ऑक्टोबरात तिला परत पोचवायला आम्ही सगळेच निघणार होतो आणि वाटेत दहा दिवस इटलीत थांबणार होतो. तिचा तिकडचा व्हिसा माझ्या धाकट्या भावानं, मंदारनं, ती निघण्याआधीच काढून ठेवला होता. समीरचा पहिला प्लॅन म्हणजे दहा दिवसांत सहा शहरं.

"यार, आईचा गुडघा बघ जरा," मी म्हणाले. "रोज बॅगा भरायच्या, रोज नवीन हॉटेल?"

मग आम्ही उलटा विचार केला. एकाच ठिकाणी राहायचं. जिथे गर्दी नाही, चढ नाहीत, स्टेशन जवळ आहे, अशा गावी. तिथून रोज सकाळी गाडी पकडून एखादं ठिकाण बघायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. नकाशावर बोट फिरवता फिरवता समीर फेर्राराशी थांबला.

"पो नदीच्या खोऱ्यात येतं ते," सोफ्यावरून आई म्हणाली. "सपाट आहे. तिथे माझ्या गुडघ्याला काही होणार नाही."

आईनं सगळी नोकरी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात काढली. महाराष्ट्राबाहेर ती मोजून दोन-तीनदा गेली असेल. पण फळ्यावर युरोप काढायची तिची पद्धत शाळेत प्रसिद्ध होती. खडू न उचलता किनारा पुरा करायची. पो नदीचं नाव सांगितलं की वर्ग दरवर्षी हसायचा, एवढंसं नाव नदीचं असतं का म्हणून. आई हसू द्यायची आणि मग म्हणायची, आता तुम्ही ही नदी विसरणार नाही.

प्लॅनिंग ऑगस्टच्या शेवटी सुरू झालं आणि त्याच आठवड्यात धूर आला.

बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही संध्याकाळी इटलीला जायचो. जेवणं झाली की समीर लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि नकाशातल्या रस्त्यांचे फोटो भिंतीएवढे मोठे व्हायचे. बाण दाबला की पुढे सरकायचं, फिरवलं की वळायचं. आई पंख्याजवळ पाय वर घेऊन बसायची. आमची रेवा तेव्हा लहान होती, आजीच्या शालीत शिरून बसायची. विटांचा किल्ला, त्याच्या चारी बाजूंनी हिरवट पाण्याचा खंदक. गावाभोवती तट, तटावर चालायची वाट आणि दोन्हीकडे झाडं. एक अरुंद गल्ली अशी की तिच्यावर एका घरातून दुसऱ्या घरात कमानीच कमानी टाकलेल्या. कॅमेऱ्याची गाडी तिथून भर उन्हाळ्यातल्या कलत्या दुपारी गेली असणार, कारण गावात माणूस म्हणून दिसत नव्हतं. सगळी खिडक्यांची दारं बंद. सावल्या तेवढ्या लांबलचक पडलेल्या. कितीतरी रस्ते चालून गेल्यावर सायकलवरचा एक माणूस भेटला, तर त्याला चेहराच नव्हता.

"व्हाय डझन्ट ही हॅव अ फेस?" रेवानं शाल डोक्यावर ओढली.

"प्रायव्हसी, बेटा," समीर म्हणाला. "कंप्युटर ब्लर करतो."

"चेहरा कशाला हवा?" आई शांतपणे म्हणाली. "माणूस चालण्यावरूनसुद्धा ओळखू येतो."

एकेक दिवस ठरत गेला. एक दिवस रावेन्ना, तिथे एका छोट्याशा समाधीचं छत गडद निळं आणि त्यावर सोन्याच्या चांदण्या जडवलेल्या. एक दिवस मांतोवा, तिन्ही बाजूंनी तळी. एक दिवस पादोवा. एक दिवस बसनं कोमाक्क्यो, जिथे रस्त्यांच्या जागी कालवे आहेत आणि लोक ईल मासे खातात.

"मी धपाटे करून घेईन," आई म्हणाली. "गाडीत बरे पडतात."

"आई, तुम्ही तिकडे भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता खाऊन बघा. फेर्राराची खासियत आहे."

"गोड का तिखट?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी."

"म्हणजे धपाटे लागणारच."

आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी समीर म्हणायचा, "संध्याकाळी परत फेर्रारा." आईला ते वाक्य फार आवडायचं. दिवसभर कुठेही भटका, संध्याकाळी परत यायला एक गाव आहे, याचा तिला धीर वाटत असावा. बाबा गेल्यापासून तिला संध्याकाळी परत जायला तसं काही उरलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

धूर कमी व्हायची चिन्हं नव्हती. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक राहिला नव्हता. दुपारी रस्त्यावरचे दिवे आपोआप लागायचे आणि मग चूक कळल्यासारखे विझायचे. दूर बघायची सवयच मोडली. समोरचं घर होतं, त्याच्यामागची उंच सुरूसारखी झाडं नव्हती, टेकडी नव्हती, आकाश नव्हतं. पलीकडे काही आहे हे आम्ही केवळ आठवणीनं धरून चाललो होतो.

अशा एका सकाळी चहा घेता घेता आई म्हणाली, "काल त्या गल्लीत किती गार वाटलं ना?"

"कुठल्या?"

"अगं, ती कमानींची. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाऊल टाकलं तर विहिरीत उतरल्यासारखं."

मी हसले. फोटोबद्दल बोलतेय, असं वाटलं. पंख्याचा गार झोत तिच्या पायावर येत होता, तेही खरं.

चार-पाच दिवसांनी रावेन्नाच्या गाड्यांच्या वेळा बघत होतो तेव्हा ती समीरला म्हणाली, "ही सकाळची गाडी नको हं. मागच्या वेळी बसायला जागा नव्हती."

समीरनं माझ्याकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती शेंगा सोलत होती.

"मागच्या वेळी म्हणजे, आई?"

"आपण गेलो तेव्हा. ह्यांना तर दारातच उभं राहावं लागलं."

ह्यांना, म्हणजे बाबांना. आई बाबांचा उल्लेख कधीच नावानं करत नसे. शेंगांचा टपटप आवाज चालू राहिला. रेवा मान वर करून माझ्याकडे, मग समीरकडे, मग परत माझ्याकडे बघत होती, मोठी माणसं आता काय म्हणणार म्हणून. समीरनं नंतरची गाडी निवडली.

त्यानंतर ते वाढत गेलं. आई घाबरलेली नसायची, गोंधळलेली नसायची. भाजीत मीठ बरोबर पडायचं, रेवाचे पाढे ती बरोबर घ्यायची, मंदारशी फोनवर साताऱ्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल नीट बोलायची. फक्त मधूनच सहज सांगायची. तटावर चालताना ह्यांना दम लागला. पादोवात ह्यांची टोपी वाऱ्यानं उडाली, एका मुलीनं धावत जाऊन आणून दिली. सांगताना ती आमच्याकडे बघायची, जणू आम्हीही तिथे होतो आणि आता पुढचं आम्ही सांगायचं. सगळ्यांत जास्त भीती मला याची वाटायची, की पुढचं मला सांगता आलं असतं. ती टोपी राखाडी होती, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

पितृपक्ष लागला. बाबांच्या तिथीला आईनं थोडा स्वयंपाक केला, पानावर सगळं थोडं थोडं वाढलं आणि घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवलं. बॉथेल म्हणजे कावळ्यांचं गाव. नदीजवळच्या कॉलेजच्या दलदलीत रोज संध्याकाळी हजारो कावळे मुक्कामाला येतात, आकाश काळं होतं. पण धुरात ते कुठे गेले होते कोण जाणे. मी काचेच्या आत उभी राहून बघत होते. पान तसंच. भातावर राख पडत होती, फार बारीक, आधी दिसलीच नाही.

"आई, अजून थोडं थांबू या?"

"नको गं. आत घे ते." तिच्या आवाजात खंत नव्हती. "इथे कशाला येतील ते? तिकडे आहेत ना."

त्याच आठवड्यात तिच्या बुटांवर मला राख दिसली. दाराजवळच्या रॅकमध्ये नीट ठेवलेले तिचे पांढरे चालायचे बूट, आणि तळव्यांना करडी भुकटी. आम्ही तिला घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हतो. मला वाटलं, डेकवर गेली असेल. बूट झटकून ठेवले.

मी तेव्हा घरून काम करायचे. दुपारी एकामागून एक मीटिंग्ज असायच्या, कानात हेडफोन. एका दुपारी मीटिंग संपवून पाणी प्यायला खाली आले तर पंखा चालू, टीव्हीवर कमानींची गल्ली तशीच उघडी, आणि आई नाही. वर बघितलं, बाथरूम, गॅरेज, मागचं अंगण. रॅकमधले बूट नव्हते.

मास्क चढवून धावत सुटले. बाहेर दुपार नव्हतीच. जुन्या पिवळ्या फोटोत शिरावं तसं होतं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. मी "आई, आई" करत होते आणि आवाज दोन घरांच्या पुढे जात नव्हता. आमच्या घरापासून उतारानं खाली गेलं की नदी लागते, नदीवर लाकडी पूल, पुलापलीकडे चालायची लांब सरळ वाट. तिथे पोचले आणि डोक्यावर फडफड झाली. कावळे. दुपार होती, पण त्यांना संध्याकाळ वाटली असावी. थव्यामागून थवा, खाली खाली उडत, मुक्कामाकडे निघाला होता आणि एकही ओरडत नव्हता.

त्या वाटेच्या कडेला बाकावर आई बसली होती. इस्त्रीची साडी, वरून स्वेटर, मांडीवर पर्स. एखाद्या फलाटावर बसावं तशी ताठ बसली होती आणि वाट जिकडून धुरातून बाहेर येत होती तिकडे बघत होती.

"आई! इथे काय करतेस?"

"आलीस?" ती म्हणाली. "बस. गाडीला वेळ आहे अजून."

"कसली गाडी?"

"फेर्राराची. इथूनच जाते ना परत." तिनं पर्स उघडून फॉइलची पुडी दाखवली. धपाटे होते. "ह्यांना मघाशी पलीकडच्या बाजूला पाहिलं. हाक मारली, पण पुढे चालत होते. चालण्यावरून ओळखलं मी. येतील."

मी तिच्याशेजारी बसले. माझ्या मनात एवढंच आलं, की आता स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर ही माझ्या हातून सुटेल. मी तिचा हात धरला.

"आई. बाबा गेले ना गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादी मुलगी फार सोपं चुकली की बघायची तसं, थोडं हसून.

"मला माहीत नाही का ते? मीच होते ना त्यांच्या उशाशी." मग तिनं समोर पाहिलं. "पण ते साताऱ्यात गेले. फेर्रारात नाही गेले."

कावळे संपत नव्हते. तेवढ्यात धुरातून एक म्हातारे गोरे गृहस्थ काठी टेकत आले, तोंडाला मास्क, हातात कुत्र्याची दोरी. आम्हाला बघून थांबले. "आर यू लेडीज ओके?" मी घाईनं सांगितलं, आई जरा गोंधळली आहे, तिला वाटतंय इथून ट्रेन जाते.

ते आईकडे पाहून हसले. मग त्यांनी काठीनं पायाखालची वाट ठोकली. ही वाट म्हणजे जुनी रेल्वेच आहे, ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी इथे रूळ होते. रूळ उखडून नंतर वाट केली. "शी इज नॉट राँग," असं म्हणून ते कुत्र्याच्या मागे निघाले, आणि दहा पावलांवर धुरात नाहीसे झाले.

आईला इंग्रजी सगळं कळलं होतं. तिनं "बघ" असंसुद्धा म्हटलं नाही.

आम्ही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी धरून नेलं असतं तर ती आली असती, पण माझं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही त्या वाटेकडे बघत होते. धुरात काहीतरी गडद व्हायचं, मग ते झाड निघायचं. शेवटी आईच उठली. "आज लेट दिसतेय," म्हणाली. "रेवा शाळेतून येईल. चल."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विस्मरणाची सुरुवात असू शकते, म्हणाल्या. नवीन जागा, नवीन भाषा, रोजचा प्रवास यानं त्रास वाढू शकतो. नेऊच नका असं त्यांनी म्हटलं नाही, निर्णय आमच्यावर सोडला.

"कॅन्सल करू या का?" त्या संध्याकाळी समीरनं हळूच विचारलं. आई आणि रेवा वर होत्या. टीव्ही बंद होता. "का नेऊन दाखवू या? कदाचित खरं गाव बघितलं की त्यांना कळेल, की आपण पहिल्यांदाच आलोय."

मी त्याचाच विचार करत होते. खऱ्या फेर्राराच्या स्टेशनवर आम्ही उतरणार. ती कमानींची गल्ली, तो तट, सगळं जागच्या जागी असणार, आणि ती बाबांना शोधणार. एकदा तट पुरा चालून होईल. पुन्हा चालून होईल. मग दहाव्या दिवशी तिला कळेल, की इथेही ते गेलेच आहेत. एकदा तिनं हे सोसलं होतं. त्यासाठी आम्ही तिला विमानात बसवून नेणार होतो.

"कॅन्सल कर," मी म्हणाले.

समीरनं वाद घातला नाही. त्यानं तिथलं घर, गाड्या, सगळं एकेक करून रद्द केलं. मला धास्ती होती ती आईला सांगण्याची. दोन दिवस शब्द जुळवत होते. शेवटी देवापाशी बसली होती तेव्हा सांगितलं, "आई, इटलीला थांबायचं रद्द केलंय. समीर तुला सरळ मुंबईला घेऊन जाईल."

"बरं केलंत," वात सारखी करत ती म्हणाली. "एकदा बघून झालंय. उगाच पुन्हा कशाला खर्च?"

सप्टेंबर संपता संपता वारा फिरला आणि एका दिवसात धूर गेला. टेकडी होती तिथेच होती. झाडं होती तिथेच होती. पण मला ती परत आल्यासारखी नाही, कुणीतरी घाईनं नवी आणून लावल्यासारखी वाटली. समीर आईला घेऊन गेला. विमानतळावर तिनं रेवाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाळेत सांग हं, आजीनं इटली दाखवली म्हणून." रेवानं "ओके, आजी" म्हटलं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात मंदारचा फोन आला. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. बरीच विसरायला लागली होती, शेजाऱ्यांची नावं, जेवलं की नाही ते, कधी कधी मंदारलाही.

"ताई, रागावू नको, पण एक विचारतो," तो म्हणाला. "ऑक्टोबरचं रद्द झालं म्हणालात, पण त्याआधीच तुम्ही सगळे इटलीला जाऊन आलात, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? आई रोज सांगते. बाकी सगळं विसरते, पण ते विसरत नाही. एखादा फोटो तरी पाठवायचास."

त्याच्या आवाजात थकवा होता, आणि थोडं लागलेलंही होतं. खरं सांगणं अगदी सोपं होतं. पण मागून आईचा आवाज येत होता. ती कुणाला तरी काही समजावून सांगत होती आणि हसत होती.

"अरे, घाईत राहूनच गेलं," मी म्हणाले.

"कसं होतं गं?"

मी सांगायला लागले. आधी आम्ही ठरवलेलं होतं तेवढंच. निळं छत, तळी, किल्ला. मग थांबता आलं नाही. संध्याकाळी विटांच्या भिंतींना ऊब असायची. सायकलींच्या घंट्या फार बारीक वाजायच्या. मांतोवाहून परत येताना आमच्या समोर एक बाई बसली होती, काळ्या कपड्यातली. तिनं सगळ्या गाडीत वास सुटेल असं संत्रं सोललं आणि अर्धं आईच्या हातावर ठेवलं.

हे कुठून आलं, मला माहीत नाही. तोंडातून निघेपर्यंत ती बाई मला माहीत नव्हती.

मंदार हसला. "हां, ती संत्रंवाली! आईनं तिला धपाटा दिला ना मग? तिनं नुसता वास घेतला आणि पिशवीत ठेवून दिला."

फोन माझ्या कानाशी होता. मी जिन्यावर खाली बसले.

समीरचं म्हणणं, आईनंच त्या धुराच्या दिवसांत कधीतरी ते सांगितलं असणार, माझ्या डोक्यात राहिलं असणार. असेलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण त्या बाईची नखं संत्र्याच्या सालीनं पिवळी झाली होती, हे आईनं मला सांगितलं नव्हतं आणि मी मंदारला सांगितलं नाही.

आई गेल्या वर्षी गेली. झोपेत, साताऱ्यात. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मंदार म्हणाला, शेवटचे काही दिवस ती रोज सकाळी लवकर उठून तयार होऊन बसायची, फार खुशीत असायची.

आणि आता हा धूर. परवा शनिवारी समीरनं पंखा काढला, फिल्टर चिकटवला. सोफ्यावर रेवा फोन घेऊन पसरली होती. ती आता हायस्कूलमध्ये जाते, मराठी कळतं सगळं, पण बोलते इंग्रजीतच. आजीबद्दल ती फारसं काही बोलत नाही. मी कणीक मळत होते. हॉलमध्ये घरघर सुरू झाली आणि समीर हात पुसत आत आला.

"ऐक ना," तो म्हणाला. जरा चाचरतच म्हणाला. "या ऑक्टोबरात जाऊ या का फेर्राराला? आपण तिघंच. आता काही हरकत नाही ना?"

"परत कशाला?" मी म्हणाले. "आपण तर जाऊन आलो की."

अगदी सहज म्हणाले. कणकेचा गोळा उलटा केला, वरून तेलाचा हात फिरवला, आणि मग मला ते ऐकू आलं. समीर दारात तसाच उभा होता.

"मॉम," सोफ्यावरून रेवा म्हणाली. "वी नेव्हर वेंट."

"हो गं," मी म्हणाले. "हो. चुकून बोलले मी."

रेवानं फोन खाली ठेवला. उठून ओट्यापाशी आली, माझ्या अगदी जवळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीच्या आड दुसरंही काही होतं. समीरकडे पाठ करून तिनं हळूच विचारलं, तेही मराठीत,

"तिथे आजी होती का?"

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्याशी, असं मी कधी करत नाही.

"होती," मी म्हणाले. "दोघंही होते."